टाचेवरचं

कोपनहेगनच्या एका तळघरात
उणे वीस अंशांत निजलंय
देशभरच्या पोरांचं रक्त,
जाड कागदावर, ठिपक्याठिपक्यांनी.
जन्मून दोन दिवस झाले की टाचेत सुई टोचतात.
पोर कळवळतं, आई तोंड फिरवते,
कागद वाळतो.
सटवाईला यायला अजून अवकाश असतो.
ती कपाळावर लिहिते.
हे टाचेवरचं.

रग्नहिल्ड बावीस वर्षं हेच करते:
ठिपक्यातून तीन मिलिमीटरची चकती पाडायची,
चिमट्यानं नळीत सोडायची,
मग एक कोरा कागद टोचायचा,
म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला लागत नाही.
कोऱ्या चकत्यांची एक बरणी भरलीय खिडकीत.
का साठवते, तिलाही सांगता यायचं नाही.

आज दोन कार्डं. आडनाव एक, तारीख एक,
वेळेत अकरा मिनिटांचा फरक.
आस्गर. एस्किल.

एस्किलच्या पायांवर चौथ्या वर्षी निळे डाग उठले.
सायकलवरून पडला असेल, म्हणाले.
मग हिरड्या.
मग ओडेन्सच्या इस्पितळातला तो लांब कॉरिडॉर.
आस्गरला काही नाही.
आस्गर त्याच्या खिडकीखाली चेंडू लाथाडत होता
आणि वर बघून ओरडत होता, ये ना खाली.

बोडिलचं पत्र, शाईचं, चार पानी.
एस्किलचे केस परत आलेत, जरा कुरळे.
आणि:
सातव्या महिन्यात मी खोली रंगवली होती.
पिवळी. खिडकी लावून घेतली होती, बाहेर वारा होता.
तो रंग तर नव्हे?
शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
डबा मी अजून ठेवलाय. हवा तर पाठवते.

मशीन रात्रभर गुणगुणतं.
सकाळी पडद्यावर
बारावं गुणसूत्र तुटलेलं,
एकविसावं तुटलेलं,
आणि तुटकी टोकं परक्या घरी नांदायला गेलेली.
एस्किलच्या ठिपक्यात ते असणार, हे तिनं धरलंच होतं:
दोन दिवसांचं बाळ, आजार चार वर्षं लांब.
पण आस्गरच्याही ठिपक्यात.
आणि सांधा तोच,
अक्षर न् अक्षर तोच,
मधे उपरी घुसलेली तीन अक्षरंसुद्धा तीच.

दोघं वेगवेगळे पडले
तर गुडघे असे सारखे फुटत नाहीत.
म्हणजे पडलं एकदाच. एक पेशी, एका पोरात,
आणि तिच्या लेकी
सामाईक वारेतून पलीकडे गेल्या,
वाटीभर साखर मागायला शेजारी जावं
इतक्या सहज.

रग्नहिल्ड उत्तर लिहायला बसते.
लिहिते, हे जन्माआधीचं आहे.
लिहिते, शंभरातल्या एखाद्या बाळाच्या रक्तात असं असतं
आणि बहुतेकांना ते मरेपर्यंत कळत नाही.
लिहिते, एका चुकीनं भागत नाही, पुढची लागते;
ती एस्किलच्या वाट्याला आली,
आस्गरच्या नाही, अजून.
‘अजून’ खोडते.
खोडलेलं दिसतं, म्हणून कागद बदलते.

रंगाचं काय लिहावं?
‘नाही’ म्हणण्याइतकं तिला माहीत नाही.
‘हो’ म्हणण्याइतकं कुणालाच नाही.
बराच वेळ पेन उघडं राहतं.
डबा टाकून द्या, लिहिते.
वाक्य अहवालात बसत नाही. राहू देते.

एक प्रश्न बोडिलनं विचारलेला नाही.
ते दोघे विचारतील कधीतरी, अंगणात, भांडताना:
आधी कुणाचं?
कुणी कुणाला दिलं?
ते रक्त सांगत नाही.
सांगितलं असतं, तर तिनं वाचलं असतं का
हेही ती स्वतःला विचारत नाही.

कार्डं परत पाकिटात.
प्रत्येकी तीन ठिपके शिल्लक,
अजून कुणाला न सुचलेल्या प्रश्नांसाठी.

बाहेर चारलाच अंधार.
सायकलचं कुलूप गोठलंय.
ती हातमोजे काढते, खाली बसते,
आणि त्या एवढ्याशा भोकावर
फुंकर घालत राहते.